चाकाची पुढची बाजू

कोजागरीच्या संध्याकाळी माझे पती दूध आणायला गेले. सव्वासातला बायपासच्या सर्व्हिस रोडवर पिकअपनं त्यांना मागून धडक दिली. आठ वाजता डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं.

ते एकचाकीवर होते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. विजेवर चालणारं एकच चाक असतं, त्याच्या दोन्ही अंगांना पाय ठेवण्यापुरत्या पाट्या असतात आणि वर उचलायला मूठ. हँडल नाही, सीट नाही. माणूस त्यावर उभा राहतो. पुढं झुकला की चाक धावतं, मागं झुकला की थांबतं. पंचेचाळीसाव्या वर्षी ते हे शिकले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते यंत्रांच्या देखभालीचं काम करत. यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हे चाक तोल कसं सांभाळतं हे समजून घेण्यासाठी त्यांनी ते घेतलं, आणि मग त्यावरूनच कामावर जाऊ लागले.

कॉलनीत त्यांची पुष्कळ थट्टा झाली. "सर्कस कधी लागणार साहेब, पास द्या आम्हाला," असं समोरचे काका रोज म्हणत. सासूबाई कन्नड तालुक्यातल्या, बोलायला मोकळ्या. पहिल्या दिवशी चाकाभोवती फेरी मारून त्या म्हणाल्या, "गाडीला चार चाकं असत्यात म्हणं. तीन कुठं इकून आलास रं?" ते हसले. म्हणाले, "आई, तीन हप्त्यानं येणारायत."

मला मात्र अंधाराची भीती वाटायची. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. माझा दिवस कपाटांमध्ये जातो आणि रस्त्यावरचं मला फारसं कळत नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, तुमचं चाक एवढं ठेंगणं, मागच्याला दिसणार कसं? त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि दाखवलं. चाकाचा मागचा लाल दिवा नडगीच्या उंचीवर असतो. गाडीवाल्याचे डोळे मात्र मोटारसायकलच्या दिव्याची उंची शोधत असतात. म्हणून एक लाल दिवा वर हवा. तो त्यांनी पाठीवरच्या सॅकला शिवून घेतला होता. चमकणारे पट्टे पायात बांधून उपयोग नाही, कारण एकचाकीवर पाय हलत नाहीत, आणि न हललेली चमक लोकांना खांबाची वाटते. पट्टे मनगटाला हवेत. अधूनमधून हात हलवला की मागच्याला कळतं, हा माणूस आहे.

"नुसतं चमकून भागत नाही," ते म्हणाले. "आपण काय आहोत ते त्याला कळलं पाहिजे. वरचा दिवा, खालचा दिवा, हलणारा हात. तिन्ही मिळून एक माणूस होतो."

मी ते लक्षात ठेवलं. ते किती नेमकं होतं हे मला नंतर कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री, त्यांचे पाने, माझी स्कूटी, शिवणयंत्र. सासूबाईंनी त्या वर्षी पहिल्यांदा एकचाकीही पाटावर घेतली. त्या कुंकू तेलात कालवतात. साधं कुंकू दोन दिवसांत उडून जातं, तेलातलं दिवाळीपर्यंत टिकतं. त्यांनी वाटी हातात घेऊन चाक एकदा फिरवून बघितलं आणि मला हाक मारली.

"अगं, ह्याचं पुढचं तोंड कंचं?"

मी आतल्या खोलीत वाचत होते. पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "दिवा आहे ती बाजू, आई."

दिवा दोन्ही बाजूंना होता. बंद असताना दोन्ही काचा सारख्याच काळ्या दिसत. सासूबाईंच्या समोर जी काच होती तिच्यावर त्यांनी बोटानं जाड स्वस्तिक काढलं, चारही कोपऱ्यांत ठिपके दिले आणि वर हळदीची बोटं ओढली. ती काच मागच्या दिव्याची होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या पतींच्या ते लक्षात आलं. मला बोलावून म्हणाले, "हे बघ, आईनं माझ्या पाठीला ओवाळलंय." मी म्हटलं, पुसून टाका. ते म्हणाले, "राहू दे दिवाळीपर्यंत. ती येता-जाता बघते, आहे का म्हणून. सॅकचा दिवा आहे ना." आणि ते खरंच होतं. सॅकचा दिवा होता.

कोजागरीला आटवायला म्हशीचं सुटं दूध हवं होतं. डेअरी जवळच होती. किटली सॅकमध्ये कलंडेल म्हणून त्यांनी सॅक खुंटीवरच ठेवली. मनगटाचे पट्टे मात्र बांधले, मी बघितलं. येताना किटली भरलेली असणार. ती हिंदकळू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली असेल. म्हणजे मागून बघणाऱ्याला हात दिसत नव्हते, वरचा दिवा नव्हता, आणि खालच्या दिव्यावर कुंकू होतं. रस्त्यावरच्या खांबांचे दिवे त्या आठवड्यात बंद होते. शर्ट निळा होता.

हे सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. तेरावा झाल्यावर पोलिसांनी चाक परत दिलं. पंचनाम्याची प्रत सोबत होती. त्यात लिहिलं होतं, वाहनाचा मागील दिवा चालू स्थितीत. कुंकवाचा उल्लेख नव्हता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक गाडीवर कुंकू असतं, ते कोण लिहून घेईल?

सासूबाई दुपारी झोपल्या होत्या. मी चाक मागच्या बोळात नेलं आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसले. मग ते भिंतीला टेकवून चालू केलं आणि पावलं मोजत मागं गेले. दहा पावलांवर कुंकवाखालून अंधूक लाल दिसत होतं. वीस पावलांवर तिथं काही आहे हे मला माहीत होतं म्हणून दिसत होतं. तिसाव्या पावलावर भिंत होती, फक्त भिंत.

मी परत आले. खोबरेल तेलात फडकं भिजवून काच पुसली. कुंकू वाळून कडक झालं होतं, नखानं खरवडावं लागलं. पुन्हा मागं गेले, बोळाच्या टोकापर्यंत. दिवा स्वच्छ दिसत होता.

त्या वेळी मी नीट विचार केला नव्हता. एवढंच वाटलं होतं की सासूबाईंच्या दृष्टीस हे पडू नये. फडकं मी चुलीत घातलं असतं, पण घरात चूल नाही. ते मी धुवून वाळत टाकलं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "त्याचा दिवा पेटत व्हता का गं?"

"हो, आई. पोलिसांनीही तसंच लिहिलंय."

"मंग त्या मुडद्याला दिसला कसा नाय?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. दिवा पेटत होता, हे खोटं नव्हतं. त्या दिवसापासून सासूबाईंना धरायला एक गोष्ट मिळाली. पिकअपवाला प्यायला असेल, मोबाइल बघत असेल, असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. तेवढं बोलून झालं की चार घास खात. मी बोलले असते तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या, आणि खायच्याही.

संक्रांत झाल्यावर तो पिकअपवाला आला. फाटकाशी पुष्कळ वेळ उभा होता. पस्तिशीचा असेल, जामिनावर सुटलेला. मी दार उघडलं तेव्हा त्यानं चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. आपण कोण ते त्यानं सांगितलं. सासूबाई मागून आल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या.

"कुठला तू?"

"कन्नडकडला, आजी. भाजी आणायचो मार्केटला."

"आमच्याच मुलखातला," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. मग त्याला, "माझा पोरगा दिसला नाय व्हय तुला?"

"नाय दिसला. देवाशप्पथ. तेच इचारायला आलो." तो माझ्याकडं वळला. "ताई, केसचं नाय बोलत मी. काय व्हायचं ते व्हईल. एवढंच सांगा, मागं लाईट व्हता का? पोलीस म्हणत्यात व्हता. मला तर एकदम पाठच दिसली, गाडीच्या तोंडाशी. डोळे तपासून आलो, डॉक्टर म्हणतो नजर चांगली हाय. मंग मी झोपलो व्हतो का काय? मला तर जागा असल्याचं आठवतं. पर झोपलेल्याला कुठं कळतं झोपलो म्हणून?"

त्याच्या हातांची बोटं एकमेकांत अडकलेली होती. त्याला सुटका नको होती. आपण जागे होतो की नाही, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते फक्त माझ्यापाशी होतं.

सासूबाई माझ्या पायाशी बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या साडीच्या निऱ्यांना लागत होता. मी काच पुसली नसती तर ती दोघांनाही दाखवता आली असती. आता फक्त माझा शब्द होता. आणि तो शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न सासूबाईंचा असता: कुंकू कुठल्या बाजूला लागलं, आणि कुणी लावलं? मी सांगितलं असतं की बाजू मीच सांगितली होती. त्यांनी ते ऐकलंही नसतं. त्यांना फक्त स्वतःचं बोट दिसलं असतं.

"होता," मी म्हटलं. "दिवा चालू होता."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"मंग झोपलोच असंन," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याला पाणी दे म्हणून मला सांगितलं. त्यानं ते घेतलं नाही. नंतर कळलं की त्यानं पिकअप विकली. आता तो चुलत्याच्या शेतात कामाला असतो आणि कुणाच्या मोटारसायकलवर मागंही बसत नाही.

घरात आम्ही दोघी राहतो. सासूबाई अजून त्याला शिव्या देतात, पण पहिल्यासारखा जोर नाही. मी कामावर जाते, येते. खटल्याची तारीख पुढं गेली आहे. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव आहे, आणि दिवा चालू होता असं मी सांगणार आहे.