शुक्रवारचं ताट

"मुलीला वार लावायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

पुण्याहून बी.ए. होऊन मी जळगावला परत आले, त्याच आठवड्यात नानांनी मला हे बजावलं. नाना म्हणजे माझे वडील. अख्खी पेठ त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही.

वार तुम्हाला ठाऊकच असेल. गरिबाघरचा मुलगा शिकायला गावात येतो, सोमवारी एका घरी जेवतो, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. आमच्या गावात हे सगळं नाना, आबा आणि भाऊ वकील या तिघांचं मंडळ बघायचं. गावात कॉलेज निघालं आणि मॅट्रिक झालेली पोरं खेड्यापाड्यांतून यायला लागली. कुणाला कुठलं घर द्यायचं, हे बघायला माणूस कमी पडू लागला. "लग्न ठरेपर्यंत विमल रिकामीच आहे," भाऊ म्हणाले. झाली माझी नेमणूक!

मंडळाचे नियम दोनच. ज्या घरी ज्या दिवशी वार, त्या दिवशी तो विद्यार्थी जेवल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही, हा पहिला. तो नानांनीच केलेला आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. दुसरा तो वरचा.

परसात कापसाच्या पऱ्हाट्या साचाव्यात तसे या कामात किस्से साचतात. एक ओढायला जावं तर चार सुटून अंगावर येतात. आता ओढतेच आहे, तर ऐका.

*

सरू पहिल्याच आठवड्यात आली. नशिराबादची. वडील नव्हते, आई जिनिंगमध्ये कामाला. मॅट्रिकला पोरीनं असे मार्क मिळवले होते की प्रिन्सिपॉलनी न मागता फी माफ केली. रात्री पाठ टेकायला एका लांबच्या मावशीची ओसरी मिळाली. पण मावशीनं आधीच सांगून टाकलेलं, "झोपायचं तेवढं. जेवणाचं नाव काढायचं नाही."

"ताई, मला फक्त वार द्या," सरू म्हणाली. "नाहीतर संक्रांतीनंतर मामा लग्न लावून टाकतील. मुलगा बघून ठेवलाय. त्याची पिठाची चक्की आहे."

"मग आता काय खातेस?"

"शनिवारी घरी जाते, रविवारी भाकरी बांधून आणते. गुरुवारपर्यंत पुरतात."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी झोप येत नाही ना, अभ्यास फार चांगला होतो!" असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

मी तिला परसदारी नेलं आणि ताट वाढून दिलं. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

"मुलांना पुढच्या दारानं बोलावतात ना, ताई?"

एवढं बोलून ती उपाशी कॉलेजात गेली. मी ते ताट हातात धरून तिथंच उभी. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं मी!

नानांना विचारलं. ते म्हणाले, "थंडी पडली की मंडळाची मिटिंग आहे. तेव्हा बघू." आमच्या वडीलधाऱ्यांचं "बघू" म्हणजे काय, ते तुमच्याही घरात ठाऊक असेल.

*

देवराम साक्रीकडच्या डोंगरातला. अंगानं काटकुळा, बोलणं कमी. त्याला मी मंगळवारचं घर समजावून दिलं, "गल्लीत शिरलास की दारात निंबाचं झाड आहे, ते घर."

गल्लीत निंब दोन होते! देवराम पहिल्याच निंबाखाली थांबला आणि म्हणाला, "वार आहे." त्या घराला वार दिलेलाच नव्हता. पण घरच्या बाईंना वाटलं, मंडळानं ठरवलं असेल. "या," म्हणाल्या आणि पाट मांडला.

तिकडे दुसऱ्या निंबाच्या घरी काय चाललं असेल? नियम पहिला! विद्यार्थी आला नाही, म्हणजे कुणी जेवायचं नाही. म्हातारे सासरे ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावायचे. दिवस कलला की वाढलेलं ताट गाईला घालायचं आणि मग घरानं जेवायचं. किती मंगळवार गेले असे! तक्रार नाही, निरोप नाही. "पोराचा अभ्यास असेल," एवढंच म्हणायचे.

शेवटी बिंग फुटलं आणि दोन्ही घरं भांडत माझ्या दारात आली. मला वाटलं, पहिलं घर म्हणणार, वार नसताना फुकट जेवून गेला. कसलं काय!

"आमचा विद्यार्थी ह्यांनी पळवला!" सासरे काठी आपटत म्हणाले.

"इतके मंगळवार जेवलाय, आता मिळायचा नाही!" पहिल्या निंबाच्या बाई म्हणाल्या.

तोडगा देवरामनंच काढला. "सकाळी हा निंब, संध्याकाळी तो."

मंगळवारी त्याला दोन वेळा पोटभर जेवण! बाकीची पोरं आपापल्या गल्लीत दुसरं झाड शोधायला लागली.

*

कॉलेजात फी-माफीसाठी प्रिन्सिपॉल एकेकाला आत बोलावून बघायचे. कुण्या वरच्या वर्गातल्यानं पोरांच्या डोक्यात भरवलं, "गरीब दिसलं पाहिजे, नाहीतर फ्रीशिप गेली!"

आता आली का पंचाईत! पोरं गरीब होती, पण गरीब दिसत नव्हती. प्रत्येकाजवळ सदरा एकच, आणि तो आयांनी इतका झकपक धुऊन, ठिगळ आतून लावून दिलेला की नव्यासारखा. खराखुरा फाटका सदरा एकट्या देवरामचा. त्याची आई लहानपणीच गेलेली.

मग काय, तोच सदरा एकेकानं अंगात घालायचा, आत जाऊन यायचं, बाहेर पुढच्याला द्यायचा. देवराम बिचारा उपरणं पांघरून भिंतीआड बसलेला. सगळ्यांचं झालं, तेव्हा सदरा त्याच्याकडे परत आला. तो घालून तो आत गेला.

प्रिन्सिपॉलनी चष्म्यावरून बघितलं. "हा सदरा कुणाचा?"

"माझाच आहे, सर."

"सकाळपासून सगळे हेच सांगताहेत!"

देवराम रडायच्या बेताला आला. प्रिन्सिपॉल उठून खिडकीशी गेले. बाहेर ती पोरं आपापले स्वच्छ सदरे चढवत होती. पाठमोरेच ते शिपायाला म्हणाले, "या सदऱ्याला फ्रीशिप मंजूर. याच्या आत जे जे होते, त्या सगळ्यांची नावं घे."

*

दुसरं महायुद्ध संपलं तरी रेशन संपलं नव्हतं. वाराच्या घरांनाही धान्याची ओढाताण. तेव्हा आबा शेतावरून बैलगाडीतून वांगी घेऊन आले. ते मंडळातले, पण मळ्यात राबणारे, आणि बोलणं अस्सल गावचं. गाडी आमच्या दारात सोडून म्हणाले, "बठ्ठा पोरे मनाच शेतस! वांगाले काय रेशन शे?" सगळी पोरं माझीच, वांग्यांना कसलं आलंय रेशन, असं त्यांचं म्हणणं.

वांगी घरोघर गेली. थंडीचे दिवस, हिरवी वांगी, खानदेशातली बाई. ती काय करणार? भरीत! सोमवारच्या घरी वाटलं, पोरगा घरापासून लांब आहे, त्याला भरीत करून घालू. मंगळवारच्या दोन्ही निंबांनाही तेच वाटलं. बुधवारलाही. कुणालाच दुसऱ्याचं ठाऊक नाही!

आठवडाभरानं देवराम भेटला. मी म्हटलं, "कंटाळला असशील रे. सांगू का घरांना, काही वेगळं करा म्हणून?"

तो एकदम घाबरला. "नका सांगू, ताई!"

"का?"

"आमच्याकडे एका वांग्यात सगळं घर जेवतं. रोज भरीत खाणारा आमच्या गावातला मी पहिला."

*



बुधवारच्या घरी एक काकू होत्या. त्यांच्या नवऱ्याला पहाटे छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत ते गेले. देवरामला काय माहीत? तो वेळेवर जेवायला आला. दारात माणसं, आत रडारड. तसाच मागे वळला.

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "आज बुधवार ना गं? बघा, देवराम आला असेल."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. घरात तर चूल पेटायची नाही. काकू शेजारणीला म्हणाल्या, "त्याला तुमच्या चुलीवरचं वाढा. सुतक मला आहे. त्याच्या पोटाला नाही."

देवराम नको नको म्हणत होता. शेजारच्या ओट्यावर त्याला बळंच बसवलं. तो रडत होता आणि जेवत होता. त्याचं ताट उचललं तशी कुणीतरी आत जाऊन सांगितलं, "जेवला."

सकाळपासून बायका काकूंना घोटभर पाणी घ्या म्हणून विनवत होत्या, त्या मान हलवत होत्या. तेव्हा म्हणाल्या, "आता द्या पाणी."

मग देवराम उठला आणि तिरडीला खांदा द्यायला गेला.

त्या रात्री मी नानांकडे बघत बसले होते. ज्या माणसाच्या एका नियमाखातर कुणी नवऱ्याच्या मढ्यापाशी बसून पाणी नाकारतं, तो माणूस कोण असेल? माझे वडील! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि हेच वडील सरूचं नाव काढलं की चष्मा पुसायला घेतात!

*

मिटिंग जवळ आली तशी मीच घरोघर फिरले. महिना उलटल्यावर भीत भीत बुधवारच्या काकूंकडेही गेले. म्हटलं, "विद्यार्थी नाही, विद्यार्थिनी आहे."

काकू म्हणाल्या, "जेवते ना ती?"

"जेवते."

"मग?"

सगळ्या घरांतल्या बायका अशाच. "घरच्यांना तेवढं विचारा," एवढं मात्र प्रत्येकीनं जोडलं. आणि घरचे म्हणाले, "नानांना विचारा."

आबांना विचारलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोर हुशार शे वं माय. पन नाना नही म्हंतस."

भाऊ वकिलांनी तर बाजूच मांडली! "पोरगी रोज नव्या उंबऱ्यावर जेवायला गेली तर उद्या तिला स्थळ कोण देईल?"

"स्थळ आहेच, भाऊ. चक्कीवालं. तेच तर टाळायचंय!"

शेवटी मी नानांनाच धरलं. "पुण्याला बी.ए. होईपर्यंत मी तुमच्या मित्राच्या घरी जेवले ना?"

"ते निराळं. तू पाहुणी होतीस."

"चार वर्षांची पाहुणी?"

"विमल, का ते विचारायचं नाही, असं मी तुला सांगितलं होतं."

"हो. आणि देवरामला पाहुणा म्हणावं लागलं नाही, मग सरूला का?"

नानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

*

मंडळाची मिटिंग आमच्याच घरी व्हायची. आधी पंगत, मग कामकाज. या वेळी वार आला शुक्रवार. आमच्या घरचा शुक्रवार तेव्हा मोकळा होता. ज्या मुलाचा होता तो धुळ्याला नोकरीला लागला होता.

अक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत केलं. माजघरात मी पाट मांडले. नाना, आबा, भाऊ. त्यांच्या ओळीत आणखी एक.

"चौथं कोण?" भाऊंनी विचारलं.

सरू पुढच्या दारानं आत आली. पुस्तकं कोनाड्यात ठेवली, पाय धुतले आणि पाटावर येऊन बसली. गुरुवारीच भाकरी संपलेल्या.

"ही कोण?" नाना म्हणाले.

"आपला शुक्रवार," मी म्हटलं आणि चारही ताटं वाढली.

भाऊ म्हणाले, "नाना, हे मंडळात ठरलेलं नाही."

आबा ताटाकडे बघत राहिले.

"विमल, तिला आत घेऊन जा," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. नानांचा आवाज चढत नाही, म्हणून तर सगळे ऐकतात. "आत बसून जेवू दे हवं तेवढं. माझी ना नाही. पण पंगतीतून उठव."

"नाही उठवणार."

माझ्या जन्मात मी नानांसमोर हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. अक्का तव्यावरची भाकरी घेऊन दारात आली होती. नाना तिला म्हणाले, "तू सांग हिला."

अक्का म्हणाली, "भाकरी निवतेय." आणि हातातली ऊन भाकरी तिनं सरूच्या ताटात घातली.

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला. हात तोंडाकडे निघाला.

"जेवा, नाना," मी म्हटलं. "हिचा वार नसेल, तर जेवा."

हात मध्येच राहिला.

आबांनी आपला हात ताटावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. भाऊ वकिलांनी एकदा आबांकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि हात मागे घेतला. नाना हातातल्या तुकड्याकडे बघत होते. मग तो तुकडा त्यांनी हळूच ताटात परत ठेवला. चष्म्याला हात लावला नाही.



सरूनं भाकरी मोडली.