बिल्किस आपाचं नाक

सव्वीस वर्षं मी पाचोडच्या शाळेत विज्ञान शिकवतोय, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीच वर्षं बिल्किस आपाच्या नाकावर निघाली. हसायचं तर हसा.

आपा आमच्या प्रयोगशाळेची परिचर. तिचा नवरा शौकत आधी त्याच जागेवर होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेवर नोकरी हिला मिळाली. जेमतेम आठवी शिकलेली बाई, पण झाकण उघडून बाटलीत काय आहे ते चिठ्ठी न वाचता सांगायची.

दरवर्षी मिश्रण आणि संयुगाचा प्रयोग असतो. लोहकीस आणि गंधक नुसते कालवले तर लोहचुंबक कीस ओढून घेतं; ते मिश्रण. तेच तापवलं की काळा गोळा होतो, त्यातलं काही चुंबकाला चिकटत नाय, ते संयुग. मग दोन्हींवर पातळ ऍसिड टाकायचं. संयुगातून सडक्या अंड्याचा वास सुटतो. मला त्यानं मळमळतं, म्हणून नळी मी आपाकडं द्यायचो. ती हातानं वारा घेऊन मुलांना सांगायची कुठली सडली ते.

करोनानंतर एकदा ती चुकली. मुलं फिदीफिदी हसली आणि मी तिला सगळ्यांसमोर झापलं. नंतर ती कधी चुकली नाय. फक्त उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायची. मला वाटलं, भ्याली बिचारी. अक्कल गहाण ठेवली होती मी.

मागच्या वर्षी तीन तुकड्यांचे प्रयोग एकाच दिवशी झाले. तो काळा गोळा नळीला असा चिकटतो की ब्रशनं निघत नाय. शौकत खिडकीत बसून उरलंसुरलं ऍसिड घालून एकेक नळी साफ करायचा, आपा तेच शिकलेली. पण वऱ्हांड्यात घाण येते म्हणून मुख्याध्यापक सर्जेराव सरांची कुरकुर चालली होती. म्हणून तिनं मागच्या कोठीची खिडकी लावली, दार ओढलं आणि सगळ्या नळ्या एकदमच ऍसिडच्या बादलीत घातल्या.

मी वऱ्हांड्यात होतो. भपकन वास आला. चार पावलं पुढं गेलो आणि वास गायब.  हा वायू विषारी; वाढला की आधी नाक बधिर करतो, वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहितो. श्वास रोखून दार ढकललं. आपा बादलीपाशी बसून ब्रश धूत होती. डोळे लालबुंद. उठायला गेली तर पाय लटपटले. दंडाला धरून तिला ओढतच मैदानात आणलं. भ्यालो होतो मी, लाज कशाची सांगायला.

वास आला नाय का, असं विचारलं.  ती म्हणाली, करोनापासून कशाचाच येत नाय, ऍसिडचा नाय आन् कालवणाचा पण नाय, नळी तुमचं मळमळलेलं तोंड बघून सांगते. हेडसरांना सांगू नका म्हणून हात जोडले.

"आपा, जीव गेला असता."

"गेला असता तर माझ्या सदफला ही जागा मिळाली असती, सर. बारावी झालीय पोरगी. मला काढून टाकलं तर तिला काय मिळंल?"

हिशेब कधीचा करून ठेवल्यासारखी शांतपणे बोलली. त्या वायूला भ्यालो नसेन इतका मी त्या शांतपणाला भ्यालो.

दुसऱ्या दिवशी मी सर्जेराव सरांना सगळं सांगितलं, माझ्या झापण्यासकट. दोन तास भांडलो. नोकरी वाचली, पण प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून काढून घेतली आणि तिला घंटेवर बसवलं. शौकतची जागा मी हिसकावली असं ती मानते. माझ्याशी बोलत नाय. नको बोलू देत.

फक्त तासाची घंटा दोन मिनिटं लांबली की मला तिचा तो हिशेब आठवतो. खडू तसाच हातात धरून मी ऐकत उभा राहतो.