शिवणकाकूंची लॅटिन सुई

शिवणकाकू जन्मात एकही मोठी परीक्षा पास झाल्या नव्हत्या. पहिल्याच मोठ्या परीक्षेच्या तोंडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला त्यांना घरी बसवलं, आणि पुढची सगळी वर्षं त्या लोकांच्या पँटी आखूड करत बसल्या. ती रुखरुख काही गेली नाही.

शेवटी संध्याकाळच्या वर्गात नाव घालायला गेल्या, तर जागा शिल्लक होती फक्त लॅटिनला. "चालेल की," काकू म्हणाल्या.

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, त्या भाषेत आता कुणी भांडतसुद्धा नाही."

"बरंच झालं. भांडायला मला तू आहेस."

पहिल्याच आठवड्यात 'अकुस' हा शब्द भेटला. अर्थ, सुई! काकू हरखूनच गेल्या. आपण सुईचा, सुईला, सुईने म्हणतो, तसाच याचाही शेवट बदलत जातो. घरी येऊन त्या मशीनवर बसल्या आणि पायडलच्या ठेक्यावर घोकू लागल्या: अकुस, अकूस, अकुई, अकुम, अकू. गिऱ्हाइकांनासुद्धा पाठ झालं.

परीक्षा तोंडी होती. लेक सोबत आली आणि दाराबाहेर बसली. आतल्या बाई मार्कांच्या बाबतीत भलत्याच चिकट. त्यांनी नेमकं विचारलं, "'अकुस' चालवा."

काकूंनी "सुई," एवढा अर्थ सांगितला, पुढे काही केल्या आठवेना. बाईंनी वाट पाहिली, मग पेन उचललं.

"बाई, जरा पाय हलवू का? मशीनवर पाठ केलंय हो. पाय थांबले की सगळंच थांबतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हलवा."

टेबलाखाली चपला खटखट वाजू लागल्या आणि काकूंची गाडी सुसाट सुटली. एकवचन झालं, अनेकवचन झालं, तरी थांबायचं नाव नाही. शेवटची चार रूपं त्यांनी उलटी म्हटली, मग पुन्हा सुलटी.

"हे उलटं कशाला?"

"शिवण संपली की चार टाके मागे घ्यावे लागतात. नाहीतर उसवतं," काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मेल्या सवयीने घात केला. आता हातातोंडाशी आलेली परीक्षा जाणार.

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पास," त्या म्हणाल्या.

काकू उठल्याच नाहीत. "परत एकदा म्हणता का?"

बाईंनी परत म्हटलं.

मग काकूंनी जाऊन दार सताड उघडलं, आणि बाईंना तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, जरा मोठ्याने.