डोंगरावरची दहा मिनिटं

दगड गोफणीतून आला. आधी नुसता भिरभिरता आवाज झाला, आणि मी मान वर करीपर्यंत सर बॅटरीवर आडवे झाले होते. कानाखालचं हाड आत गेलं होतं. रक्ताबरोबर दोन दात बाहेर आले, ते मी उचलून खिशात ठेवले. का ठेवले, आजही सांगता येत नाही. घाबरलेला माणूस हाताला काहीतरी काम शोधतो.

पण हे असं मधूनच सांगितलं तर समजायचं नाही.

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सोडली, विजेचे खांब रोवणाऱ्या ठेकेदाराबरोबर मुलूखभर हिंडलो आणि शेवटी परभणी जिल्ह्यातल्या बोरीला थांबलो. तिथं मोटारी भरायचं दुकान टाकलं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची. बायको गावाकडं, आईवडिलांजवळ.

सर जवळच्या एका गावात विज्ञान शिकवायचे. तांब्याची तार मागायला दुकानात आले, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे हौशी बिनतारीचं सरकारी लायसन आहे. स्वतः जोडलेल्या संचावरून ते कट्ट-कड करत हैदराबाद, बंगलोर, कुठं कुठं बोलायचे. गावात मात्र ऐकू काही येत नसे. "तू भरलेल्या मोटारी माझ्या कानात खरखर करायल्यात, मिस्त्री," असं म्हणायचे. म्हणून रविवारी संच घेऊन जिंतूरकडच्या डोंगरावर जायचं. बॅटरी माझ्या डोक्यावर, चुंबळीवर. बाकी सगळं सरांच्या पिशवीत. माथ्यावर दोन बांबू उभे करून मधे एरियलची तार ताणायची आणि सर कळ दाबायला बसायचे.

मला इंग्रजी मुळाक्षरं त्यांनीच शिकवली, मग मोर्सचे ठिपके आणि रेघा. सातवी नापास माणसाला एवढं कोण शिकवतं? दुसरा हेडफोन लावून मला ऐकायची मुभा होती, पण कळीला हात लावायची नाही. लायसन ज्याचं, हात त्याचा. आणि हात लपत नाही. जसा माणूस चालीवरून ओळखू येतो, तसा कळीवरच्या हातावरून ओळखू येतो. सर रेघ जराशी ओढायचे. हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सरांनी कधी पाहिलं नव्हतं, ते दोन अक्षरांतच सरांना ओळखायचे. दुकानात बसून मी टेबलावर चमचा आपटत सरांचा हात गिरवायचो. मला वाटायचं, हुबेहूब जमला.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. फोनच्या तारा तोडल्या, रस्त्यांवर झाडं पाडली, एसट्या बंद पडल्या. सर म्हणाले, फोन मेलेत, वर जाऊन बसू, लागलंच तर कामाला येईल. मी नको म्हणत होतो. परमुलखात आपण कशाला नजरेत यायचं? तरी गेलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा खालच्या गावच्या बौद्धवाड्यातून धूर निघत होता. काड-बांबूची घरं, त्यांना किती वेळ लागणार. वरून आवाज येत नव्हता, म्हणून ते जास्त भयंकर दिसत होतं. एक माणूस घरात शिरून काहीतरी बाहेर ओढत होता आणि चार जण त्याला काठ्यांनी मारत होते. काठी वर जाताना दिसायची, मग परत वर जाताना दिसायची.

थोड्या वेळानं तिथली तीसेक माणसं डोंगर चढून आली आणि मागच्या बाजूच्या घळीत उतरली. सर्वांत शेवटी एक जण आला, त्याच्या पाठीवर म्हातारी आई, मागं बायको. त्यानं पाणी मागितलं आणि ओंजळ पुढं केली. सरांनी बाटलीच त्याच्या हातात दिली. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "सर, पोलिसांना सांगता का यावरून?"

"सांगतो," सर म्हणाले. तो घळीच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहिला. सरांनी कळीवर हात ठेवला, हैदराबादला एकदा हाक घातली, आणि खालच्या टेकाडावरून तो दगड आला. दोन पोरं बांबूंवर नेम धरत होती. सर पडलेले बघून ती पळाली. आणखी माणसं आणायलाच गेली असणार.

सरांना शुद्ध होती, पण जबडा लटकत होता आणि उजवा हात कळीपर्यंत जात नव्हता. त्यांनी डोळ्यांनी कळ दाखवली.

हेडफोनमधे हैदराबादचे म्हातारे उत्तर देत होते. मी कळीला हात लावला. माझ्या मनात एकच, आपण बिनलायसनचे, हे कळलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी सरांचं कॉलसाईन, म्हणजे सरकारनं त्यांना दिलेलं अक्षरांचं नाव, ठोकलं आणि सरांच्याच हातानं ठोकायला गेलो. रेघ ओढली. पण बोटं भीतीनं आखडलेली. मदत पाठवा, जाळपोळ, डोंगर, असं मोडक्या इंग्रजीत पाठवलं.

मग म्हाताऱ्यांनी विचारलं, तू कोण आहेस? मी परत सरांचंच नाव ठोकलं. त्यांनी कळवलं की हा हात त्याचा नाही, असली थट्टा करू नये. आणि ते गप्प झाले. नियम तसाच आहे, दुसऱ्याचं नाव चोरणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं. मी ठोकत राहिलो, सरांसारखं, अजून सरांसारखं. घड्याळ समोर होतं. दहा मिनिटं गेली. सर डाव्या हातानं माझा पाय ओढत होते आणि मला वाटत होतं, त्यांना दुखतंय म्हणून.

मग त्यांनी ओल्या मातीत बोटानं लिहिलं, तुझं सांग.

तेव्हा मी माझ्या हातानं पाठवलं. सर जखमी. मी त्यांचा मिस्त्री. लायसन नाही. माणसं मरतील. उत्तर लगेच आलं. म्हाताऱ्यांनी गाव विचारलं, रस्ता विचारला आणि हैदराबादच्या पोलिसांना फोन करायला उठले. परतून सांगितलं की पोलिसांच्या वायरलेसवरून परभणीला निरोप पोचला, गाडी निघते आहे.

गाडीच्या आधी त्या पोरांनी आणलेले वीसेक जण वर आले. कुऱ्हाडीच्या पहिल्या घावात संच फुटला. बॅटरी लाथेनं उलटी केली, तिचं आम्ल माझ्या पोटरीवर सांडलं. एकानं माझी मान धरली, त्याची मोटार मी दोनदा भरली होती.

"मिस्त्री, तू परक्या मुलखातला. कुणाला वायरलेस लावायलास?"

मी म्हटलं, कुणाला नाही.

"ह्यानं भरलेली मोटार महिनाभर टिकंना, अन् पोलीस बोलवायलाय," तो बाकीच्यांना म्हणाला. दोघं हसले. मग कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगड्यांवर बसला, तिथंच परत बसला. ती माणसं कुठं गेली म्हणून विचारत होते. मी सरांच्या अंगावर आडवा पडलो आणि काही बोललो नाही. ते शौर्य नव्हतं, माझा श्वासच निघत नव्हता.

त्यांना सांगायची गरजही पडली नाही. घळीत एक लेकरू रडलं.

काठी घेतलेल्या त्या माणसानं वाट सोडली नाही. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. पहिला वार त्यानं काठीवर घेतला, दुसरा खांद्यावर. खाली बसला तरी काठी आडवी धरून होता. तिसरा मानेवर. मग त्याच्यावरून उडी मारून आत जायला लागले, आणि आतून बायकांचा जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही. घळ अरुंद होती, एका वेळी एकच जण उतरू शकत होता. दोन म्हाताऱ्यांची डोकी फुटली, एका पोरीचा हात मोडला. तेवढ्यात खालून बंदुकीचा बार ऐकू आला, मग दुसरा. वीस माणसं वीस दिशांनी पळाली.

ते घळीकडं वळल्यापासून पोलिसांचा पहिला बार होईपर्यंत किती वेळ गेला असेल? सर पुढं म्हणायचे, मोजू नकोस. मी मोजलेला आहे, दहा मिनिटांच्या आत.

त्या माणसाला धोतराच्या झोळीत घालून चौघांनी खाली नेलं. मीही एक टोक धरलं होतं, बरगड्या मोडलेल्या तरी. जीपपर्यंत पोचलो तेव्हा तो जिवंत नव्हता. सरांना पोलिसांनी पुढच्या सीटवर बसवलं. त्याची बायको टायरला टेकून बसली होती, डोक्यावरचा पदर सावरत. ती रडत नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"दादा, तुमी पोलिसांला कवा सांगितलं व?"

मी म्हणालो, "लगेच."