बाली ते बँकॉक, म्हणे बाजूलाच

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या मराठी ग्रुपमध्ये एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत. सगळी हयात त्यांनी गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले आणि आता ते आमच्या सहली ठरवतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, तरी ठरवतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी बाली ठरवलं. मी नाव दिलं ते माझ्या थोरल्या भावाला भेटता यावं म्हणून. तो नोकरीनिमित्त बँकॉकला गेला आणि तिथेच राहिला. नुकताच त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. फोनवर त्याला शब्द सापडत नसत, मग तो गप्प बसायचा.

"मला एक दिवस त्याला भेटून येता येईल का?" मी विचारलं.

"वहिनी, बाजूलाच तर आहे. सकाळी जायचं, भावाबरोबर जेवायचं, डिनरला परत बालीत. प्लॅनमध्ये टाकतो, डोन्ट वरी."

घरी येऊन मी बघितलं. थेट विमानालाही चार तासांहून जास्त. अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्याकडून देशाच्या पार पश्चिमेला असलेल्या फिनिक्सपेक्षाही लांब. त्यात इमिग्रेशन आणि बँकॉकचा ट्रॅफिक. भावाकडे पाणी पिऊन उठावं लागलं असतं.

पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी फोनवर नकाशा काढला आणि दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "एवढंसं आहे. तिकडचे देश सगळे खेटून असतात हो."

तासाभरावरच्या ॲन आर्बरला जायचं तरी आधी ट्रॅफिक बघणारी ही मंडळी, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तुम्ही गेला आहात कधी तिकडे?"

"जायला कशाला हवं? मला स्केल कळतं."

"मग उद्या फिनिक्सला जेवून संध्याकाळी इथे परत याल?"

"ते वेगळं, वहिनी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "अमेरिका केवढा मोठा देश आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाली कॅन्सल केलं आणि सरळ बँकॉकचं तिकीट काढलं. ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, की काही लोक फार इमोशनल होतात.

भाऊ दारात वॉकर धरून उभा होता. मला बघून त्याने तोंड उघडलं, शब्द आला नाही, तेव्हा त्याने माझी बॅगच ओढायला घेतली. मी दोन आठवडे राहिले. एका दुपारी त्याने आमच्या वडिलांची एक गंमत सांगायला घेतली, ती संपेपर्यंत चहाची वेळ झाली. मध्येच माझी वहिनी त्याचं वाक्य पुरं करायला लागली, तर त्याने हाताने तिला थांबवलं. शेवटी तो इतका हसला, की मीच रडले.

परत आल्यावर पहिल्याच पॉटलकला ते इंजिनिअर समोर आले. "मिस केलंत, वहिनी. काय सनसेट होते," म्हणत त्यांनी फोन पुढे केला. भाऊ कसा आहे, हे काही विचारलं नाही.

चष्मा घरी राहिला असं सांगून मी पान वाढून घेतलं.