डबा, दिवा आणि भाऊजींची मिशी

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात. भंगार आणि किस्से. भंगार न्यायला भंगारवाला तरी येतो, किस्से कोण नेणार? मग कुणी चहाला बसलं की मलाच ते असे मोकळे करावे लागतात!

आमचं गॅरेज संग्रामपुरात. मी आणि माझे भाऊजी वासुदेवराव, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, दोघं मिळून चालवतो. भाऊजी जुन्या वळणाचे. गाडी आली की सायलेन्सरजवळ उकिडवे बसतात, धूर हुंगतात आणि रोग सांगतात. आणि त्यांची ती मिशी! दोन्ही टोकांना पीळ दिलेली, पार सोनाळ्यापर्यंत फेमस. लोक आमच्या गॅरेजचा पत्ताच "मिशीवाल्याकडं" असा सांगतात.

गाडीचा बिघाड कोडमध्ये दाखवणारा स्कॅनर मी आणला त्या दिवशी भाऊजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्यांनी त्याला नाव ठेवलं 'डबा'. पहिल्याच गाडीला डबा लावला तर कोड आला ऑक्सिजन सेन्सरचा. हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेली एक बोटभर वस्तू. धुरात ऑक्सिजन किती उरला ते ती इंजिनला कळवते. तिचं काही बिनसलं की मीटरवर पिवळा दिवा लागतो. मी ऐटीत म्हटलं, "भाऊजी, सेन्सर बदला लागते!"

भाऊजी खाली वाकले, हुंगलं, नळीवरून हात फिरवला. "सेन्सर ठणठणीत हाये बे. हे पाह्य, नळीलेच चीर पडली. बाहेरची हवा आत घुसून राह्यली. तो बिचारा खरं तेच सांगून राह्यला!"

चीर वेल्ड केली, कोड पुसला, दिवा गेला. समोरच्या चहाच्या टपरीवर अख्खं पब्लिक बसलेलं. भाऊजींनी मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्या डब्यानं सेन्सर म्हटलं अन् ज्या दिवशी खरंच सेन्सरच निघाला, त्या दिवशी ही मिशी साफ!"

झालं! तेव्हापासून प्रत्येक पिवळ्या दिव्याला मी गिऱ्हाईक म्हणून कमी आणि मिशीवरची संधी म्हणून जास्त पाहायला लागलो.

*

उंद्रीचे एक बाबू आहेत, कचेरीत कारकून. सासुरवाडी आमच्या गावची. त्यांनी फोनवर दिव्याचं सांगितलं. मी म्हटलं, "ऑक्सिजन सेन्सरचं काम दिसते. आरामात या, गाडीले काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी आली ती सगळ्या काचा उघड्या टाकून! ऐन थंडीचे दिवस. मागच्या सीटवर सासूबाई. डोक्याला कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर शाल, आणि हे सगळं बोचकं खिडकीच्या बाहेर काढलेलं.

"बाबू, काच काऊन नाही लावली हो?"

बाबूंचे दात वाजत होते. "तुम्हीच म्हटलं ना ऑक्सिजनचं! गाडीत एवढी माणसं. म्हटलं, रिस्क काऊन घ्या?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी तं उंद्रीपासून श्वासबी मोजूनच घेऊन राह्यली!"

सेन्सर गरम करणाऱ्या हीटरचा फ्यूज उडाला होता, एवढंच. नवा टाकला. सेन्सर शाबूत, मिशी शाबूत.

*

भाजीचे व्यापारी सुधाकरशेठ. नवीकोरी गाडी घेतली आणि तिला रोज सकाळी आंघोळ. वरून, खालून, पाइप लावून, बोअरच्या पाण्यानं. आता आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे खारं. त्यात घातलेली डाळ दुपारपर्यंत शिजत नाही. शेठ स्वतः प्यायला आणि आंघोळीला फिल्टरच्या पाण्याचे कॅन मागवतात.

दिवा लागला. डबा म्हणाला, सेन्सर. माझ्या डोळ्यांसमोर वस्तरा चमकला! पण कनेक्टर उघडला तर आत मिठाचा पांढरा थर आणि पिना हिरव्यागार. भाऊजींनी तो शेठच्या नाकासमोर धरला. "शेठ, गाडी धुता का लोणचं घालता?"

पिना साफ केल्या, दिवा गेला. काही दिवसांनी शेठ भेटले तेव्हा खुशीत होते. "आता कॅनचं पाणी गाडीले!"

"अन् तुमच्या आंघोळीले?"

"बोअरचं! मले कुठं सेन्सर हाये?"

*

एक मास्तर आले, तेही गाडी दाखवायला नव्हे, नुसती हवा भरायला. मी सहज विचारलं, "सर, मागच्या खेपेले तो पिवळा दिवा लागत होता, त्याचं काय झालं?"

"बंद झाला आपोआप."

मला काही पटेना. मीटरमध्ये वाकून पाहिलं तर दिव्यावर टिकली! मास्तरीणबाईंची, मरून रंगाची, चांगली मोठी. शेजारी ऑइलच्या दिव्यावरही एक छोटी टिकली तयारच होती.

"सर, हे काय?"

"वर्गात जे पोरगं लय बोलते, त्याले मी असंच गप बसवतो!"

खाली पाहिलं तर सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडलेली. सर डिकीत भुईमुगाचं पोतं विसरले होते. मिशी पुन्हा वाचली, आणि भाऊजींनी त्या उंदरांच्या नावानं टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

*

आणि विठ्ठलची गाडी. हा भाडं मारणारा पोरगा, गाडीवर भारी जीव. दिवा लागला की त्याची माय म्हणायची, नजर लागली. मग ती गाडीखाली लिंबू, मिरची आणि बिब्बा बांधायची. बांधायला तिला एकच जागा सोयीची वाटली, सेन्सरची वायर! तांब्याच्या तारेनं आवळून बांधलेलं. तार आवळली की वायर आतून तुटायची, दिवा लागायचा. दिवा लागला की माय अजून एक बांधायची, आधीपेक्षा घट्ट!

गाडी आमच्याकडे आली तेव्हा खाली पार बाजार भरला होता. भाऊजींनी सगळं सोडवलं, वायर जोडली, दिवा गेला. माय हात जोडून म्हणाली, "पाह्यलं? शेवटच्या लिंबानं काम केलं!"

*

आता भाचीच्या साक्षगंधाचं, साखरपुड्याचं. म्हणजे भाऊजींच्या एकुलत्या एक लेकीचं.

सकाळपासून घरासमोर मांडव, स्पीकर, पाव्हणे. भाऊजी नवा पांढरा शर्ट घालून, मिशीला खास पीळ देऊन, नवरदेवाकडच्यांना घ्यायला गॅरेजपाशीच उभे होते. व्याह्यांची गाडी आली ती गचके खात. मीटरवर पिवळा दिवा!

"पाव्हणे, पाहू द्या जरा," म्हणत भाऊजी नव्या शर्टासकट खाली बसले. मी डबा लावला. सेन्सर! टपरीवरचं पब्लिक चहा सोडून उठून आलं.

भाऊजींनी नळी पाहिली. चीर नाही. फ्यूज शाबूत. कनेक्टर चकचकीत. उंदीर नाही, लिंबू नाही. सेन्सर काढून करंट तपासायचं मीटर लावलं तर आतून मेलेला. नवा बसवला, कोड पुसला, गाडी गावाबाहेर चक्कर मारून आणली. दिवा गेला तो गेलाच.

भाऊजी म्हणाले, "एक डाव अजून पाहू." पुन्हा पाहिलं. तेच.

तोवर टपरीवाल्यानं व्याह्यांना सगळा इतिहास सांगून टाकला होता. व्याही भला माणूस. "राहू द्या हो वासुदेवराव, गमतीची गोष्ट."

"पोरगी देऊन राह्यलो तुमच्या घरी," भाऊजी म्हणाले, "अन् आज तुमच्यासमोरच शब्द मोडू? मंग उद्या काय म्हणसान तुम्ही?"

आणि सरळ रस्ता ओलांडून सलूनमध्ये जाऊन बसले. सलूनवाल्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "वासुदेवराव, पक्कं?" खरं सांगतो, इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला तेव्हा मी डब्याची वायर गुंडाळत बसलो. मी तिकडे पाहिलंच नाही.

मग आम्ही सगळे मिरवत मांडवात गेलो. भाऊजी व्याह्यांच्या शेजारी, कोऱ्या तोंडानं, खाली मान घालून बसले. स्पीकरवर गाणी दणाणत होती. ताई डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे फिरवत होती. व्याह्यांना दिला, मग भाऊजींसमोर आली, कप पुढे केला आणि अदबीनं म्हणाली, "घ्या ना पाव्हणे. पोरीचे बाबा येऊनच राह्यले. काय सांगू तुमाले, आजच्या दिवशीबी आमचा माणूस कोणाचा तरी सायलेन्सर हुंगत बसला असन!"

भाऊजींनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि म्हणाले, "येऊन राह्यला असन हो बाई. चांगला माणूस हाये तो."