नेटिव्ह चेक

जपानात, तोयोसुमधल्या एका छोट्या कंपनीत मी पाच वर्षं काम करते आहे. जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत करून देणं हा कंपनीचा धंदा. भाषांतर करणारे लोक घरून काम करतात. त्यांच्याकडून मजकूर घ्यायचा, तो तपासणाऱ्यांकडे द्यायचा आणि ग्राहकाकडे वेळेत पोचवायचा, हे माझं काम. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले, दोन वर्षं घरी बसले आणि मग ही नोकरी लागली. मुलाखतीत माझ्या इंग्रजीचं फार कौतुक झालं. रुजू झाल्यावर कळलं, की त्या इंग्रजीत मी ईमेल लिहू शकते, पण पुस्तकाच्या मजकुराला हात लावू शकत नाही. त्याला नेटिव्ह लागतो. ऑफिसात शब्दच तो आहे, नेटिव्ह चेक. प्रत्येक पुस्तकासोबत एक फॉर्म फिरतो. त्यावर दोन चौकोन असतात, दोन नेटिव्हच्या सह्यांसाठी.

आमच्याकडे तपासणारे दोघं. एक साठीच्या स्कॉटिश बाई. जपानी माणसाशी लग्न करून पस्तीस वर्षं इथेच राहिलेल्या. दुसरा इंग्लंडचा, पंचेचाळिशीचा, आधी शाळेत इंग्रजी शिकवायचा. दोघांची टेबलं समोरासमोर आणि माझं त्यांच्या बाजूला. आमच्या विभागप्रमुखांच्या लेखी दोघंही 'इगिरिसु-जिन'. जपानीत अख्ख्या ब्रिटनला इगिरिसु म्हणतात, त्यामुळे तिथली माणसंही सगळी एकच.

ती एक नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सकाळी तो आला की म्हणायचा, "काल तुमच्याकडे ऊन पडलं म्हणे. बातम्यांत सांगत होते."

बाई मान वर न करता म्हणायच्या, "तुमच्याकडे फुटबॉलचा वर्ल्ड कप आला होता म्हणे. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते की काय, आठवायला हवं."

सोमवारी तर कामाला हात लागायला दहा वाजायचे. शनिवारी कोण कुणाशी हरलं, त्याचा हिशेब आधी. मग सातशे वर्षांपूर्वीच्या लढाया निघायच्या, जशा काही मागच्या महिन्यात झाल्या. कोणता राजा कुणी पळवून लावला, कुणी कुणाचा सिंहासनाखालचा दगड नेला आणि किती शतकांनी परत केला. पहिले काही महिने मला त्याची गंमत वाटायची. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, "म्हणजे आपलं पुणं-मुंबईच की." मी हसायचे.

मग ते भाताचं यंत्र आलं.

शाळांच्या स्वयंपाकघरांत एका वेळी शंभर मुलांचा भात शिजवणारं मोठं यंत्र होतं. त्याच्या पुस्तकात एक वाक्य असं होतं, की ठरलेल्या तापमानाच्या मर्यादेबाहेर यंत्र चालवू नये. भाषांतरात 'बाहेर'साठी 'आउटसाइड' होतं. बाईंनी ते खोडून तिथे 'आउटविद' लिहिलं. मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. फाइल त्याच्याकडे गेली. त्याने 'आउटविद' खोडून 'आउटसाइड' केलं. नियम असा, की एकाने बदल केला तर दुसऱ्याने तो मान्य करायला हवा. म्हणून फाइल पुन्हा बाईंकडे. पुन्हा 'आउटविद'.

मी बाईंना विचारलं, "हा शब्द खरंच आहे ना?"

"माझ्या शाळेत होता, विद्यापीठात होता, माझ्या वडिलांच्या ऑफिसच्या प्रत्येक पत्रात होता," त्या म्हणाल्या. "आउटसाइड म्हटलं तर कुणाला वाटेल, यंत्र अंगणात नेऊ नका."

पलीकडून तो म्हणाला, "तिच्या गावाबाहेर हा शब्द कुणालाही कळत नाही. खरं तर तिच्या गावाआउटविद."

दोघंही हसले. मी नाही हसले, कारण त्या पुस्तकात तो शब्द एकवीस ठिकाणी होता, आणि ती फाइल चौथ्यांदा माझ्याकडे आली होती.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघंही इगिरिसु-जिन आहेत ना? मग दोन मतं कशी?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग नेटिव्हला विचारा."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वैतागलेलीच होते. बाई माझ्याशेजारी डबा उघडून बसल्या होत्या. मी म्हणाले, "तुम्ही इंग्लिश लोक एका शब्दावर किती वेळ घालवता." बोलून गेले आणि त्यांचा घास हातातच राहिला. मला माझीच लाज वाटली. मला कुणी 'तू हिंदीच ना' म्हटलं, की मी मराठी म्हणजे काय ते पाच मिनिटं सांगत बसते. पण आपल्या भाषेतही ते सगळे इंग्रजच. आजोबांपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत कुणीच वेगळं काही सांगितलं नव्हतं.

मी माफी मागितली. म्हणाले, "आमच्याकडे राज्य करायला आले, त्या सगळ्यांना आम्ही एकच नाव ठेवलं."

बाईंचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "तेच तर. तुम्ही आणि आम्ही, दोघंही त्यांच्याच हाताखाली होतो."

हे त्याच्या कानावर गेलं. तो खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी आला. "तिला असं सोडू नकोस," तो मला म्हणाला. "हिंदुस्थानात गेलेले निम्मे अधिकारी हिच्याकडचेच होते. चहाचे मळे कुणाचे? ज्यूटच्या गिरण्या कुणाच्या?"

"निम्मे नव्हते," बाई म्हणाल्या.

"बरं, निम्म्याच्या आसपास."

मग दोघांनी अर्धा तास माझ्याच देशाचा इतिहास वाटून घेतला. कोणती फलटण कुणाची, कोणता गव्हर्नर कुणाचा. मी ज्या कॉलेजात शिकले ते एका स्कॉटिश मिशनऱ्याने काढलेलं होतं. ते सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, पण माझ्या वाटेला वाक्य आलं नाही. सुट्टी संपली तेव्हा मी अर्धा डबा परत बंद केला.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी स्वतःच एक उपाय काढला. वाक्य असं फिरवलं, की 'बाहेर' हा शब्दच लागू नये. यंत्र फक्त या तापमानांच्या दरम्यान चालवा. साधं, सरळ, कुणालाही कळेल असं. एकवीस वाक्यं बदलायला दुपार गेली. फाइल दोघांकडे पाठवली. तासाभरात दोघंही माझ्या टेबलाशी एकत्र उभे राहिले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं.

"हे कुणी बदललं?" त्याने विचारलं.

"मी."

बाई हळू आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाल्या, "हे जरा भारतीय इंग्रजी वाटतं, बाळ."

"त्यात चूक काय आहे ते दाखवा," मी म्हणाले.

चूक दोघांनाही दाखवता आली नाही. तरी त्यांनी सगळी वाक्यं पूर्ववत केली, आणि मग पुन्हा त्यांचं आउटविद-आउटसाइड सुरू झालं. शेवटी साडेसहाला विभागप्रमुखांनी नाणं उडवावं तसं 'आउटसाइड' ठेवायला सांगितलं. ओजिमाला, घराकडे, सायकलने पोचायला मला पंचवीस मिनिटं लागतात. माझी मुलगी होइकुएनमध्ये, म्हणजे तिच्या पाळणाघरात, शेवटची एकटी उरली होती. तिथल्या बाईंनी तिला बूट घालून दारात बसवलं होतं. मी मराठीत सॉरी म्हटलं. तिने जपानीत उत्तर दिलं, "ओसोइ." उशीर झाला, एवढंच.

हे एकदाच झालं असतं तर मी विसरले असते. पण जवळजवळ प्रत्येक पुस्तकात काहीतरी निघायचं. स्वल्पविराम, क्रियापद, 'शॅल' की 'विल'. तीन महिन्यांत मुलगी सात वेळा शेवटची उरली.

मग त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तो सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला गेला. पुस्तकांची दुसरी सही तेवढ्यापुरती बाहेरच्या एका तपासनिसाकडून यायला लागली. त्या काळात माल थंड ठेवणाऱ्या पेट्यांच्या एका पुस्तकात तेच वाक्य आलं, तापमानाच्या मर्यादेबाहेर. बाईंकडून फाइल परत आली. 'आउटसाइड' जसंच्या तसं होतं. मला वाटलं नजरेतून सुटलं. मी विचारायला गेले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो नाही, तर मजा कसली."

मी तिथेच उभी राहिले. "म्हणजे तो शब्द तुम्हाला हवा नव्हता?"

"हवा होता. पण इतकाही नाही."

मी सहसा ऑफिसात आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "तुमची मजा माझ्या वेळात होत होती. तुम्ही हसून घरी जायचात, आणि फाइल माझ्याकडे राहायची. माझी मुलगी दारात बूट घालून बसलेली असायची. आणि मी वाक्य लिहिलं, तर ते भारतीय म्हणून खोडलंत. चूक न सांगता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते वाक्य चांगलं होतं. आमच्या दोघांच्याहून चांगलं. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग?"

"मग ना तो जिंकला असता, ना मी."

हे ऐकून मला राग यावा की काय व्हावं, समजेना. त्यांनी माफी मागितली, तीही मनापासून, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर विभागप्रमुखांकडे आल्या आणि म्हणाल्या, की दोन मतं पडली तर निर्णय हिने द्यावा. प्रमुखांनी तोंडी होकार दिला. मी लगेच विचारलं, की मग फॉर्मवर तिसरा चौकोन करता येईल का. ते किंचित वाकले आणि म्हणाले, "विचार करू." इथे याचा अर्थ नाही असा होतो. हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

तो परत आल्यावर पहिल्या वादात मी निर्णय दिला. त्याने खांदे उडवून तो मानला. बाईंनी मात्र मानला नाही, आणि कारणं सांगत माझ्या टेबलाशी वीस मिनिटं उभ्या राहिल्या. आता त्यांचं भांडण पूर्वीपेक्षा कमी वेळ चालतं, पण त्यात मी तिसरी झाले आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या फॉर्मवर अजून दोनच सह्या असतात. या वर्षीच्या मूल्यमापनात मी तो चौकोन पुन्हा मागितला. माझ्या कामाच्या वर्णनात 'सहायक' शब्द तसाच आहे. विभागप्रमुखांनी माझ्या सहनशीलतेची तेवढी नोंद केली आहे.